पाळी चार महिने आली नाही, आणि घरात चर्चा स्थळाची

पत्र थोडक्यात देते, ओळख पटेल असं सगळं काढून.

वय २७. कोल्हापुरात पेठेतलं एकत्र कुटुंब, शाहूपुरीत एका ऑफिसात अकाउंट्स बघते. पहिली पाळी तेराव्या वर्षी, पण महिन्याच्या महिन्याला अशी कधीच नाही. एकोणिसाव्या वर्षी सोनोग्राफीत 'पीसीओडी' निघालं, सहा महिने गोळ्या झाल्या, 'लग्न झालं की सगळं मार्गी लागेल' असं डॉक्टर म्हणाले, गोळ्या बंद केल्या आणि परत तेच. हनुवटीवर, गळ्यावर केस येतात, पर्समध्ये चिमटा कायम असतो, दुपारी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन एकदा आरशात बघून यायचं. गाडीवर बांधलेला स्कार्फ ऑफिसात पोचल्यावरही लवकर सुटत नाही. वजन ७१, उंची पाच फूट दोन इंच. मान काळी पडलीय, आई रविवारी डाळीचं पीठ आणि लिंबू लावून घासते. बाबांना शुगर. आता सांगलीकडचं स्थळ आलंय, मुलगा आवडलाय, फोनवर बोलणं सुरू आहे, दिवाळीआधी सुपारी फोडायचं घाटतंय. आई म्हणते या विषयावर तोंडातून शब्द काढायचा नाही. वहिनी म्हणते आत्ताच सांगून मोकळी हो, नाहीतर उद्या 'फसवलं' म्हणतील. प्रश्न दोन: सांगू का नको, आणि मला मूल होईल का? पत्राच्या शेवटी असं आहे: 'गेले चार महिने पाळी नाही, आई म्हणते बरंच झालं, नवरात्रात अडचण नको. कशातच मन लागत नाही. चूक माझीच आहे ताई, तोंडावर ताबा असता तर ही वेळ आली नसती.'

अगं, सांगू का नको याचं उत्तर देते, टाळत नाही, पण त्याआधी तू जाता जाता जे लिहून टाकलंस ते धरते. चार महिने पाळी नाही! स्थळाचं बोलणं दिवाळीपर्यंत चालेल, हे तोपर्यंत ठेवायचं नाही. याच आठवड्यात स्त्रीरोग तज्ज्ञाकडं जा. खाजगी दवाखान्याचा खर्च नको असेल तर सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, स्त्रीरोग विभागाची ओपीडी आहे, थांबायला लागतं, पण काम होतं.

का एवढी घाई करतेय ते सांगते. दर महिन्याला अंडाशयातून बीज बाहेर पडतं, ते पडलं की प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन तयार होतं, आणि ते खाली आलं की गर्भाशयाच्या आतलं अस्तर सुटून पाळी येते. पीसीओएसमध्ये (तुझ्या रिपोर्टमधलं 'पीसीओडी' ते हेच) बीज वेळेवर बाहेरच पडत नाही, म्हणजे प्रोजेस्टेरॉन नाही, अस्तर वाढवणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन मात्र शरीरात असतंच, त्यामुळं अस्तर नुसतं जाड होत बसतं आणि बाहेर पडत नाही. मग कधीतरी जी पाळी येते ती गाठी पडत, पंधरा पंधरा दिवस, आणि हिमोग्लोबिन खाली नेऊन ठेवते. हे वर्षानुवर्षं चाललं तर त्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तुझ्या वयात तो एकूण कमीच असतो, पण टाळता येणारी गोष्ट आहे, मग का ओढवून घ्यायची? साधारण ९० दिवसांच्या पुढं पाळी गेली की दाखवायचं, एवढं डोक्यात ठेव. डॉक्टर आधी प्रेग्नन्सी टेस्ट करायला सांगतील, आई बरोबर असेल तर तिला घरातूनच कल्पना देऊन ने, नाहीतर तिथं तिचा चेहरा उतरेल. पाळी चुकलेल्या कुठल्याही बाईला ती टेस्ट सांगतातच, तुझ्यावर संशय म्हणून नाही. मग बहुतेक काही दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतील, त्या संपल्या की पाळी येते.

नवरात्रात आली तर येऊ दे. देवळात जायचं का नाही ते तू आणि आई बघा, मी त्यात पडत नाही, अंबाबाईच्या दारात पुढच्या वर्षीही जाता येईल. पण पाळी चार महिने न येणं ही सोय नाही. आणि आपल्याकडं सण आला, घरात लग्न आलं की मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायची गोळी आणायची सवय आहे ना, चिठ्ठी नाही काही नाही, शेजारणीनं नाव सांगितलं म्हणून, ती तर तू अजिबात घेऊ नकोस. तुझ्यासारख्या पाळीचा मेळ नसलेल्या बाईनं अशी गोळी मनानं घेणं म्हणजे डॉक्टरला पुढं काय बघायचं तेच कळेनासं करणं.

आता 'चूक माझीच'. हे तुला कुणी शिकवलं? घरातल्या कुणी, का प्रत्येक लग्नात 'काय गं, अंग धरलंस' म्हणणाऱ्या बायकांनी? हा आजार काही आत्ता मोबाईलच्या जमान्यात निघालेला नाही. स्टाइन आणि लेव्हेंथाल या शिकागोच्या दोन डॉक्टरांनी १९३५ साली तो लिहून ठेवला, तेव्हा ना पिझ्झा होता गल्लोगल्ली ना स्क्रीन टाइम. जगात प्रजननाच्या वयातल्या साधारण दर १० बायकांमागे एकीला असतो आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना आपल्याला हे आहे याचा पत्ताच नसतो. घराण्यात चालत येतो. बारीक अंगाच्या पोरींनाही होतो, आणि त्यांचे हाल वेगळेच, कारण 'तुला कसला पीसीओडी, तू तर काडी' म्हणून त्यांच्याकडं कुणी लक्षच देत नाही.

आतमध्ये काय होतं ते एकदा समजून घे, म्हणजे स्वतःला शिव्या द्यायचं कमी होईल. बऱ्याच जणींमध्ये शरीर इन्शुलिनचं, म्हणजे रक्तातली साखर आवरणाऱ्या हार्मोनचं, ऐकत नाही. मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं. आपल्या मिरवणुकीत कसं, समोरचे नाचेनात म्हणून डॉल्बीचा आवाज वाढवत नेतात आणि काचा हादरतात त्या बाजूच्या घरांच्या. इथं बाजूचं घर म्हणजे अंडाशय. त्याला ते जास्तीचं इन्शुलिन बरोबर ऐकू येतं आणि ते पुरुषी हार्मोन्स, म्हणजे अँड्रोजेन, जास्त बनवायला लागतं. वर लिव्हरमधून या हार्मोन्सना बांधून ठेवणारं जे प्रोटीन येतं ते कमी होतं, म्हणून मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. हनुवटीवरचे केस, पिंपल्स, डोक्यावरचे केस भांगापाशी विरळ होणं, बीज अडकून बसणं, हे सगळं तिथून. वजन वाढलं की इन्शुलिनचा गोंधळ वाढतो, आणि इन्शुलिनच्या गोंधळात वजन उतरायला त्रास होतो. या फेऱ्यात सापडलेल्या बाईला 'तोंडावर ताबा ठेव' सांगून कुणाचं काय भलं झालंय!

आणि तुझी काळी मान. आईला सांग, घासू नको. तो मळ नाही, उन्हानं रापलेलं नाही, अंगात इन्शुलिन जास्त झाल्याची ती खूण असते. लिंबू घासून कातडी सोलवटेल आणि आणखी काळी पडेल. बाबांना शुगर, तुझी मान अशी, म्हणजे तुझी शुगर तपासायलाच पाहिजे, आणि नुसती उपाशीपोटीची नाही, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी परत रक्त देतात ती. लॅबमध्ये अर्धी सकाळ जाते, त्या दिवशी ऑफिसला उशिरा येते म्हणून सांग. सोबत थायरॉइड, प्रोलॅक्टिन, कोलेस्टेरॉल आणि बीपी. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन यासाठी की पाळी लांबायची कारणं तीही असतात, ती आधी बाजूला काढायला लागतात.

इथं तुझ्या जुन्या रिपोर्टबद्दल एक. 'अंडाशयात गाठी आहेत' असं ऐकून तू आठ वर्षं घाबरून बसलीस, पण त्या ट्यूमरसारख्या गाठी नसतातच, वाढ अर्धवट थांबलेल्या बीजांच्या बारीक पिशव्या असतात, त्या कापून काढायच्या नसतात. शिवाय पहिल्या पाळीनंतरची पहिली आठ वर्षं सोनोग्राफीवरून हा आजार ठरवू नये असं आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे, कारण त्या वयात अशा पिशव्या धडधाकट पोरींमध्येही भरपूर दिसतात. तुझी सोनोग्राफी सहाव्या वर्षी झालीय. मग तुझं निदान चुकलं का? तसं वाटत नाही. २००३ साली रॉटरडॅमला जे निकष ठरले त्यात तीनपैकी दोन लागतात: पाळीची अनियमितता, अँड्रोजेन वाढल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट, आणि अंडाशयाचं सोनोग्राफीतलं रूप. पहिली दोन तुझ्यात दिसतातच, बाकीची कारणं रक्त तपासून बाजूला पडली की निदान पक्कं. पण ज्यांच्याकडं नुसता सोनोग्राफीचा कागद आहे, पाळी नीट आहे, केस नाहीत, काही नाही, त्यांनी पीसीओडीचा शिक्का मारून घेऊन रडत बसू नये.

केसांवर जरा जास्त लिहिते कारण तुझं पत्र खरं म्हणजे त्यावरच आहे, स्थळ नंतर येतं. पर्समधला चिमटा, बाथरूमचा आरसा, न सुटणारा स्कार्फ. हे बाहेरच्याला किरकोळ वाटतं. पण ट्यूबलाइटखाली कुणी जवळ येऊन बोललं की मान वळवायची, फोटोत मागं उभं राहायचं, मैत्रिणींबरोबर पन्हाळ्याला मुक्कामाला जायचं टाळायचं कारण सकाळी उठल्या उठल्या चेहरा दिसेल, यात माणूस दिवसभर किती खर्ची पडतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. आणि याच्यावर उपाय आहेत गं. थ्रेडिंगनं किंवा रेझरनं केस जाड होतात हा समज आहे, तसं होत नाही, तेव्हा पार्लरला जायची लाज बाळगू नको. सतत चिमट्यानं उपटून मात्र आत वळलेले केस आणि डाग पडतात, ते थांबव. लेसर करायचं असेल तर त्वचारोग तज्ज्ञाकडं, आपल्या सावळ्या कातडीला चालणारं मशीन आहे का ते विचारून. केस खूप कमी होतात, पण हार्मोन्स आतून तसेच राहिले तर परत डोकं वर काढतात, म्हणून 'कायमचं घालवतो, पॅकेज घ्या' म्हणणाऱ्यावर लगेच पैसे ओतू नको. औषधं आणि लेसर जोडीनं चालली तर फरक टिकतो. औषधांचा केसांवर परिणाम दिसायला सहाएक महिने जातात, तिसऱ्या महिन्यात 'काही उपयोग नाही' म्हणून सोडू नकोस.

आणि गोरं करायच्या क्रीम! डागांवर म्हणून मेडिकलमधून किंवा कुणाच्या सांगण्यावरून मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, ते चेहऱ्यावर महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, पुरळ येतं आणि वर केसही वाढतात. तुझ्या पत्रात याचा उल्लेख नाही पण असली ट्यूब कपाटात असेल तर ती डॉक्टरला दाखव.

गोळ्यांचं. तुला सहा महिने दिलेल्या गोळ्या बहुतेक गर्भनिरोधक प्रकारातल्या असणार. पाकिटावरचं नाव वाचून घरात गोंधळ होतो म्हणून खूप मुली त्या मध्येच सोडतात. त्या इथं पाळी नियमित करायला, अस्तर जपायला आणि अँड्रोजेन खाली आणायला देतात. बंद केल्यावर परत तेच झालं याचा अर्थ गोळीनं तुझं शरीर बिघडवलं असा नाही, ती चालू असेपर्यंत काम करते, मुळातला आजार पुसत नाही. सगळ्यांना चालत नाहीत: डोळ्यांपुढं रेषा चमकून मग अर्धशिशी उठत असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, बीपी जास्त असेल तर डॉक्टरला आधी सांगायचं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी पण देतात, सुरुवातीला पोट बिघडतं, कमी डोसपासून चढवत नेतात, 'मला शुगर नाही मग ही का' म्हणून घाबरू नको. केसांसाठी काही वेळा स्पायरोनोलॅक्टोन देतात, ते चालू असताना दिवस राहू द्यायचे नसतात, म्हणून लग्न ठरायच्या बेतात आहे हे त्या डॉक्टरला सांगायलाच पाहिजे. आणि ते 'पीसीओएस चहा', २१ दिवसांत गाठी गायब, हे इन्स्टावर दिसलं की पुढं सरकव.

खाण्याचं मी थोडक्यात आटोपते कारण त्यावर तुला फुकट सल्ला देणारे घरात ढीगभर असतील. अमुकच डाएट पीसीओएसला सगळ्यात भारी, असं काही सिद्ध झालेलं नाही. तांबडा-पांढरा रस्सा गुन्हेगार नाही, त्यात मटण असतं, प्रोटीन असतं, खा. बघायचं ते मिसळीबरोबर किती पाव जातात, ऑफिसात साखरेचे किती चहा होतात आणि त्याच्याबरोबर खारी-बटर किती. नवरात्राचे नऊ दिवस उपास करून साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वऱ्याचे तांदूळ यावर राहणं म्हणजे नुसता स्टार्च, त्याला डाएट समजू नको. आणि कोल्हापुरात राहून हे लिहायला धाडस लागतं, पण साखर सोडून तेवढाच गूळ खाल्ला तर इन्शुलिनला फार फरक पडत नाही, तो कितीही सेंद्रिय असू दे आणि कुठल्याही गुऱ्हाळावरचा असू दे. वजनाचं ध्येय २० किलो ठेवू नको. ५ ते १० टक्के उतरलं तरी पाळीत आणि शुगरमध्ये फरक पडतो, तुझ्यासाठी ते साडेतीन ते सात किलो होतात. रंकाळ्यावर चालायला जा, आठवड्याला सगळं मिळून अडीच तास तरी, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम कर, बैठका, डंबेल्स, काहीही. ज्या गावात पेठेपेठेत तालीम आहे तिथं मुलीनं वजन उचललं तर कुणी भुवया का उंचवाव्यात? काटा हलला नाही तरी स्नायू कामाला लागले की इन्शुलिनचं ऐकणं सुधारतं, म्हणून काट्यावर रुसून व्यायाम सोडायचा नाही.

'कशातच मन लागत नाही' हेही मी सोडून देणार नाही. पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये डिप्रेशन आणि अँग्झायटी जास्त आढळते, २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये तर म्हटलंय की निदान झालेल्या प्रत्येकीची याबद्दल विचारपूस डॉक्टरनं करावी. आपल्याकडं कोण विचारणार, आपणच सांगायचं. झोप कशी आहे, घोरतेस का, दिवसभर पेंग येते का हेही सांग, झोपेत श्वास अडकायचा त्रास या आजारात जास्त असतो आणि त्यानंही माणूस मरगळतं. बोलायला कुणी नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन आहे, फुकट आहे, केव्हाही लावता येतो. आणि कधी जगावंसंच वाटेना असं झालं तर वाट बघत बसू नको, त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांग आणि डॉक्टरकडं जा. वहिनी मला तुझ्या पत्रात बरी वाटली.

आता स्थळ.

आई आणि वहिनी, दोघींचं म्हणणं वेगळं दिसतं, पण दोघी एकाच भीतीनं बोलतात: सांगलीकडचे काय म्हणतील. आईला मी वाईट म्हणणार नाही. पै-पाहुण्यांत एकदा 'पोरीला काहीतरी आहे' अशी कुजबुज सुरू झाली की ती कशी फिरते ते तिनं बघितलेलं असणार, ती तुला झाकायला बघतेय. वहिनीचाही अनुभव कुठून तरी आलाय. पण तू जरा बघ, तुझी शुगर, तुझं अस्तर, तुझं उदास होणं यातलं काहीही या घरात बोललं जात नाहीये, बोललं जातंय ते एवढंच की हा आजार दाखवायचा का लपवायचा. एकोणिसाव्या वर्षी डॉक्टर म्हणाले लग्नानंतर मार्गी लागेल, तेव्हापासून तूसुद्धा त्याला लग्नाच्या खात्यात टाकून ठेवलंयस. लग्नानं पीसीओएस बरा होत नाही. मूल झाल्यानंही जात नाही. उपचार तुझ्या अंगासाठी आहेत, ते स्थळ जमलं तरी करायचेत आणि मोडलं तरी.

मला विचारशील तर सांग. पण वहिनी म्हणते तसं 'सांगून मोकळी हो' अशा घाईनं नाही. बायोडाटात लिहायचं नाही, मध्यस्थाच्या कानावर घालायचं नाही, पोह्यांच्या बशा घेऊन दहा माणसं बसलीत तिथं तर नाहीच. सुपारी फुटायच्या आधी त्याला एकट्याला भेट, बाहेर कुठंतरी, आणि तुझे रिपोर्ट आलेले असू देत म्हणजे अंदाजपंचे बोलायला लागणार नाही. असं काहीतरी: 'मला पीसीओएस आहे, पाळी अनियमित असते, उपचार चालू आहेत, पुढं मूल हवं असेल तेव्हा कदाचित औषधं लागतील, कदाचित नाही. तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा, डॉक्टरकडं बरोबर यायचं असेल तर या.' माफी नाही, डोळ्यांत पाणी नाही, 'आता तुम्ही काय ते ठरवा' असला सूर नाही. केस, चिमटा हे त्याच दिवशी सांगायची गरज नाही, ते तुला वाटेल तेव्हा. आणि त्यालाही विचार. घरात शुगर, बीपी कुणाला आहे, तो मावा-गुटखा खातो का, त्याला कसली गोळी चालू आहे. दोन्हीकडून विचारलं तर बोलणं बरोबरीचं होतं.

याचा धोका आहे, तो लपवत नाही. तू त्याला सांगितलंस की ते त्याच्या आईपर्यंत जाणार असं धरूनच चाल. कदाचित तिकडून फोन यायचा बंद होईल आणि आई तुझ्यावर चिडेल, तुला वाईट वाटेल, मुलगा आवडलाय म्हणून जास्तच वाटेल. न सांगण्यातही धोका आहे आणि तो रोजचा आहे: गोळ्या कुठल्या डब्यात लपवायच्या, पाळी का आली नाही म्हणून सासूनं बोटावर दिवस मोजायला सुरुवात केली की काय सांगायचं, डॉक्टरकडं कुणाला न कळता कसं जायचं. मग औषधं सुटतात. मला दुसरा धोका मोठा वाटतो. तुला आत्ता धीर होत नसेल तर सुपारीची तारीख महिनाभर पुढं ढकलायला सांग, त्यात काही आकाश कोसळत नाही, पण 'हो' म्हणून बसायचं आणि मग बोलायचं असं करू नको.

आईला आधी तयार कर. तिच्याशी स्थळावरून वाद घालत बसू नको, दवाखान्यात बरोबर ने. मानेचा काळेपणा कशाचा ते डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की रविवारचं डाळीचं पीठ तरी वाचेल. आणि तिची स्वतःची शुगर कधी बघितलीय ते विचार, ज्या घरात मुलीला पीसीओएस आहे तिथं आई-बहिणींनीही शुगर तपासलेली बरी.

मूल. पीसीओएस म्हणजे वांझपण नाही, हे घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखव. अडचण असते ती बीज वेळेवर न पडण्याची, आणि त्याच्यावर चांगली औषधं आहेत, लेट्रोझोल नावाची गोळी सहसा पहिल्यांदा देतात. बहुतेक जणींना मूल होतं, कुणाला काही न करता, कुणाला थोड्या मदतीनं, काहींना जास्त खटपट करून. दिवस राहायच्या आधी वजन, शुगर, बीपी ताब्यात असलेलं बरं कारण गरोदरपणात शुगर वाढायचा धोका जास्त असतो. आत्ता तुला यापेक्षा जास्त जाणून घ्यायची गरज नाही.

अशीच पत्रं आणखी येतात, त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी इथंच लिहिते. ज्यांची मुलगी १४-१५ वर्षांची आहे आणि पाळी पुढंमागं होतेय त्यांनी लगेच सोनोग्राफीला पळू नये, सुरुवातीची वर्षं घडी बसायला जातात, पण पाळी सुरू होऊन वर्ष उलटल्यावरही एखादं अंतर ९० दिवसांच्या वर गेलं, किंवा पंधरावं सरलं तरी पहिलीच आली नाही, तर दाखवा. लग्न झालंय, मूल इतक्यात नकोय आणि 'मला पीसीओडी आहे, मला कुठले दिवस राहतायत' म्हणून काळजी घेत नाही अशा बायकांनी घ्यावी, बीज कधी पडेल सांगता येत नाही आणि पडलं की दिवस राहतात. मूल होत नाही म्हणून फक्त बायकोला दवाखान्याच्या फेऱ्या मारायला लावणाऱ्यांनी नवऱ्याची वीर्य तपासणी आधी करून घ्या, साधी असते, स्वस्त असते. आणि ज्यांची पोरं कॉलेजला गेली, पाळी आता बरी येते, पीसीओडी होता कधीकाळी असं ज्या म्हणतात, त्यांनी ग्लुकोज पिऊन करायची ती शुगरची टेस्ट एक ते तीन वर्षांतून एकदा करत राहावं, बीपी दरवर्षी बघावं. किती अंतरानं ते आपल्या डॉक्टरला विचारून ठरवा.